पायासाठी

बस सुटून गेली, मागची धूळ खाली बसली, रस्ता ओलांडून सरोजिनी खटावकर ऑफिसच्या आवारात शिरली, दोन जिने चढली, मस्टरवर सही करून टेबलाशी येऊन बसली, तरी डाव्या पायात चप्पल नाही हे तिला कळलं नव्हतं. कळलं ते सिताराम शिपायामुळे. तो पाण्याचा पेला ठेवायला आला आणि पेला हातातच धरून खाली बघत राहिला. "बाई," तो हळूच म्हणाला, "एका पायात चप्पल नाय तुमच्या." तिने खाली पाहिलं. उजव्या पायात तपकिरी चप्पल होती. डावा पाय नुसता होता, धुळीने पांढरा झालेला, टाचेला डांबराचा काळा डाग. बसमध्ये बसल्यावर चपला काढून ठेवायची तिची सवय. एक सीटखालीच राहिली असणार. त्यात विशेष काही नव्हतं, चप्पल कोणाचीही राहते. पण एप्रिल महिना, साडेदहाची वेळ, बेलापूरचा तो एकही झाड नसलेला रस्ता. लोक चपला घालूनसुद्धा तो भराभरा ओलांडतात. ती तो अनवाणी ओलांडून आली होती आणि पायाने तिला काही सांगितलं नव्हतं.

दिवसभर तिने समोरच्या फायली हलवल्या, शेरे लिहिले, कुणाच्या तरी बदलीबद्दल हसून बोललीसुद्धा. पण टेबलाखाली उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायाला टोचून बघत होता. अंगठ्याला पाय लागत होता. पायाला अंगठा लागत नव्हता. दुपारनंतर तळव्याला रुपयाएवढा फोड आला आणि तोही दुखेना. दुखला असता तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी सितारामने कुठून तरी आणलेल्या रबरी सपाता घालून ती कोपरखैरण्याला घरी परतली. सुभाष, तिचा नवरा, तुर्भ्याच्या कारखान्यातून येऊन पंख्याखाली बनियनवर बसला होता. त्याने फोड पाहिला आणि म्हणाला, "हद्द आहे. माणसाला कळत नाही?" ती म्हणाली, "नाही कळलं." आणि त्या दोन शब्दांसरशी तिला एकदम आईचा पाय दिसला. तो पाय म्हणावा असाही नव्हता. कऱ्हाडला भावाच्या घरी, खाटेवर, चादरीखाली जिथे पाय असायला हवा तिथे चादर सपाट पडलेली होती.

आईला साखर होती. तेव्हा कोणी तपासतही नसे. आई आयुष्यभर उभी होती. नदीवरून पाणी, जात्यावर दळण, चौदा माणसांच्या भाकऱ्या. ती बसलेली सरोजिनीला आठवतच नसे, आठवायची ती पाठमोरी. मग भावाने पक्कं घर बांधलं, घरात नळ आला, पिठाची गिरणी कोपऱ्यावर आली, सून आली, आणि आई एक दिवस खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आता मी बसणार." कोणी पदवी घेतल्यावर म्हणावं तसं. ती नऊ वर्षं बसली. शेजारच्या बायका येऊन म्हणायच्या, "नशीब काढलंत हो." पाय कापल्यावरही आईने तक्रार केली नाही. सरोजिनी भेटायला गेली तेव्हा म्हणाली, "कुठं जायचंय आता मला?" हे वाक्य सरोजिनीच्या डोक्यात गेली कित्येक वर्षं एखाद्या अडकलेल्या बीसारखं होतं, आणि ते दुःखाचं होतं की समाधानाचं, हे तिला ठरवता आलेलं नव्हतं.

वाशीच्या डॉक्टर मीनाबाईंनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा पायावरून फिरवला. "कळलं की सांगा." ती डोळे मिटून वाट बघत राहिली. बराच वेळ काही झालं नाही, म्हणून तिला वाटलं अजून सुरुवातच झाली नाही. मग बोळा घोट्याच्या वर लागला आणि ती "हं" म्हणाली. डॉक्टरबाईंनी तो बाजूला ठेवला. वयाने त्या तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होत्या. "सहा वर्षांपूर्वी साखर निघाली तेव्हाच मी तुम्हाला चालायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "तुम्ही हो म्हणाला होता." रागाचा एक शब्दही नव्हता, म्हणून जास्त लाज वाटली. "गेलेली संवेदना परत येईल असं मी म्हणत नाही. राहिली आहे ती टिकवायची. फोड बरा झाला की रोज चाळीस मिनिटं. अनवाणी पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा. बंद बूट. आणि रोज तळवा आरशात बघायचा." सरोजिनी म्हणाली, "साडीवर बूट?" डॉक्टरबाईंनी कागदावर लिहिलं, बूट, आणि त्याच्याखाली रेघ मारली.

फोड बरा व्हायला महिना गेला. पांढरे कॅनव्हासचे बूट आणून दाराशी ठेवले होते. शाळेतल्या मुलींचे असतात तसे. सकाळी साडेपाचला जाग यायची, ती उठायची, बुटांकडे बघायची आणि चहा टाकायची. मग म्हणायची, चहा पिऊन. चहा झाला की डबा. डबा झाला की आता ऊन झालं. संध्याकाळी दमलेली. रविवारी पाहुणे. काहीच नसलं तर आभाळाकडे बघून तिला वाटायचं, उद्यापासून नीट, सोमवारपासून, पहिल्या तारखेपासून. आपण आपल्यालाच किती सफाईने फसवतो आहोत हे तिला दिसत होतं, आणि दिसूनही हात चहाच्या भांड्याकडे जायचा. आळस म्हणावा तर ऑफिसात ती एक कागद मागे ठेवत नसे. लालबागच्या चाळीत पंधरा वर्षं तिने तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवलं होतं, पोटात मूल असतानाही. तेव्हा कोणी तिला चाल म्हणालं नव्हतं. इथे नव्या वसाहतीत आल्यावर नळ स्वयंपाकघरात, गॅस ओट्यावर, बस दारातून. सगळं दहा पावलांवर. ही दहा पावलं तिने मिळवलेली होती. आईला ती मिळाली ती म्हातारपणी, आजीला तर नाहीतच. आणि आता एक डॉक्टरीणबाई म्हणते, जा, विनाकारण चाला. कारण असतं तर ती पनवेलपर्यंत गेली असती. विनाकारण पाय उचलत नव्हता.

आणि त्याहून खाली, जिथे ती स्वतःहून जात नसे, तिथे शाळेचं मैदान होतं. खो-खोमध्ये तेव्हाची सरोजिनी देशपांडे पळायला लागली की मास्तर शिट्टी तोंडात धरायला विसरत. खांबाला वळसा घालताना अंगाला जो झोक बसायचा, त्यात सगळं मैदान एका बाजूला कलायचं. तेरा वर्षं पूर्ण झाली त्या महिन्यात वडील एकदा कुंपणाशी येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. घरी आल्यावर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "उद्यापासून पुरे. सगळे बघतात." तिने का म्हणून विचारलं नाही. कारण तिलाही त्याच क्षणी कळलं होतं की सगळे बघतात, आणि काय बघतात. त्यानंतर तिचं शरीर कामाला लागलं, अंग चोरून. पाणी भरणारी बाई कोणी बघत नाही. पिशवी घेतलेली बाई कोणी बघत नाही. नुसती चालणारी बाई सगळे बघतात.

म्हणून मे महिन्यात ती पहिल्यांदा निघाली तेव्हा हातात भाजीची पिशवी होती. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या जयमालाबाई रांगोळी काढत होत्या. "कुठे निघालात सकाळी सकाळी? टेन्शन आहे का काही?" सरोजिनी म्हणाली, "दूध आणायला." दूध रोज दारात येतं हे जयमालाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी बुटांकडे पाहिलं आणि पुन्हा रांगोळीकडे. दुसऱ्या दिवशी ती प्लंबरकडे निघाली होती, तिसऱ्या दिवशी एका ओळखीच्यांकडे. चौथ्या दिवशी सांगायला काही सुचेना, म्हणून ती दाराच्या आतच उभी राहिली, जयमालाबाईंची रांगोळी पुरी होण्याची वाट बघत. रांगोळी पुरी झाली तेव्हा सव्वासहा झाले होते आणि तिने बूट काढून ठेवले. मोकळ्या रुंद रस्त्यांची तिला आणखी एक भीती वाटे. लालबागला गर्दीत माणूस लपून जाई. इथे दोन्ही बाजूंना आखलेले, दगड पुरलेले रिकामे प्लॉट, मध्ये सरळ रस्ता, आणि त्यावर लांबून दिसणारी एक बाई, पांढऱ्या बुटांची. आपण कागदावर पडलेल्या शाईच्या थेंबासारख्या दिसत असू, असं तिला वाटे.

सुभाष म्हणाला, "मी येतो. बघू कोण काय विचारतं." दोन दिवस आला. पहिल्या दिवशी तो भराभरा पुढे गेला, पाण्याच्या टाकीपाशी थांबला आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकत लांब बघत राहिला, जणू काही पाहायलाच थांबला होता. दुसऱ्या दिवशी टाकीच्या अलीकडे. तिसऱ्या दिवशी तिने हाक मारली तेव्हा त्याने कूस बदलली. "दिवसभर राबतो मी. तुला डॉक्टरांनी सांगितलंय तर तू कर ना." मग थोड्या वेळाने, भिंतीकडे तोंड करूनच, "माझं काय व्हायचंय?" त्याचा सख्खा भाऊ पन्नासाव्या वर्षी जिन्यात बसला होता तो उठला नाही, हे दोघांनाही आठवलं. तिला त्याचा राग आला नाही. त्याच्या पाठीत तिला ती स्वतःच दिसली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पिशवी घेऊन, अंग चोरून ती घणसोलीच्या बाजूच्या रस्त्याने चालली होती तेव्हा समोरून एक म्हातारी आली. साठीची, काटक, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हात मोकळे. सरोजिनी तिच्या बाजूने जाऊ लागली तर ती रस्त्यातच थांबली. "रोज बघतंय तुला. कोन आजारी हाय काय?" "नाही." "मंग कुठं जातेस?" दूध तोंडात आलं होतं, प्लंबर आला होता. पण या बाईला जयमालाबाईंसारखं दुसरीकडे बघण्याचं वळण नव्हतं. ती उत्तर येईपर्यंत उभी राहणार होती. "कुठेच नाही," सरोजिनी म्हणाली. "पायासाठी. साखर आहे मला. डाव्या पायाला कळत नाही." म्हणून झाल्यावर तिचे कान तापले. म्हातारीने पायाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, हसली नाही. "मंग पिशवी कशाला? एक खांदा खाली पडलाय तुजा." एवढं म्हणून ती वळली, आली होती त्या दिशेने, आणि चालू लागली. जरा पुढे जाऊन म्हणाली, "चल की."

तिचं नाव काशी. घणसोली गावातली. चाळीस वर्षं मिठागरात टोपल्या वाहिल्या, मग खाडीची कोलंबी डोक्यावर घेऊन ठाण्यापर्यंत विकली. मिठागर गेलं, शेत गेलं, वसाहत आली. मुलगा भगवान विटा-रेती पुरवायचा धंदा करू लागला, घरावर स्लॅब पडला. तिने पाटी उचलायची नाही असं ठरलं. "सून काय करू देत नाय. मिक्सर हाय, टीवी हाय. बस म्हनतात. बसलं की माजं अंग कुजतंय." ती पहाटे कोणी उठायच्या आत बाहेर पडायची आणि जिथे तिचं शेत होतं तिथवर जाऊन यायची. आता तिथे दगड पुरलेला होता आणि दगडावर नंबर. तो नंबर तिला वाचता येत नव्हता, पण दगड ओळखता येत होता. पिशवी सरोजिनीने त्याच दिवशी घडी करून कमरेला खोचली आणि दुसऱ्या दिवशी घरीच ठेवली.

रोज सहाला पाच कमी असताना काशी वळणावरच्या खांबाशी उभी असे. घड्याळ नव्हतं तिच्याकडे. सरोजिनीला आता चहाचं भांडं दिसत नव्हतं असं नाही. पण भांड्याच्या पलीकडे खांबाशी उभी असलेली ती बाई दिसायची आणि तिला ताटकळत ठेवणं जमत नसे. इच्छाशक्ती वगैरे काही आपल्यात आली असं तिला वाटलं नाही. एवढंच झालं होतं की कोणी तरी वाट बघत होतं. पाऊस असला तर दोघी छत्र्या घेऊन खाडीच्या बांधापर्यंत जात. काशी बोलायची थोडं, चालायची खूप, आणि मागे पडलं तर थांबायची नाही. घरी आल्यावर सरोजिनी बूट काढून तळव्याखाली आरसा धरायची. आरशात तो पाय कोणा दुसऱ्याचा वाटायचा, सांभाळायला दिलेला. ऑगस्टमध्ये साखर थोडी उतरली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चांगलं आहे." सरोजिनीला मात्र बरं वाटण्याऐवजी आतून काही तरी सुटल्यासारखं झालं. एवढं साधं होतं, तर सहा वर्षं कुठे गेली, आणि आईची नऊ?

सप्टेंबरात एक दिवस खांबाशी कोणी नव्हतं. सरोजिनी दहा मिनिटं थांबली, मग एकटी थोडी चालून परत आली. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी खांब लांबूनच रिकामा दिसला आणि तिचे पाय आपोआप घराकडे वळले, किती सहज वळले ते बघून ती घाबरली. चौथा दिवस रविवारचा होता. ती सरळ घणसोली गावात शिरली. इतकी वर्षं शेजारी राहून ती गावात कधी गेली नव्हती. अरुंद गल्ल्या, घराला घर लागलेलं, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, ओट्यावर दात घासणारे पुरुष. सगळे बघत होते. तिने काशीबाईंचं घर विचारलं, दोघातिघांनी हात करून दाखवलं.

काशी नव्या सोफ्यावर बसली होती, पाय वर घेऊन, समोर टीव्ही. सरोजिनीला पाहून ती उठली नाही, नुसती दाराकडून नजर काढून घेतली. भगवान आतून आला. पस्तिशीचा, सोन्याची साखळी, शर्टाच्या गुंड्या पोटावर ताणलेल्या. त्याने अदबीने खुर्ची दिली, पाणी मागवलं. "ताई, तुमी शिकलेल्या," तो म्हणाला. "गावात लोकं विचारतात, तुमची आई रोज अंधारातनं कुठं जाते. घरात भांडन हाय काय, खायला देत नाय काय. जल्मभर पाटी वाहिली तिनं. आता आमी तिला बसवलंय तर ती भटकते. आमाला वाईट दिसतं." त्याच्या आवाजात खोटं काही नव्हतं. आईला बसवणं ही त्याने केलेली सगळ्यात मोठी गोष्ट होती. सरोजिनीला आपला भाऊ आठवला, पक्क्या घराच्या दारात उभा असलेला, अभिमानाने पाहुण्यांना आईची खुर्ची दाखवणारा. नीट काही जुळवून बोलावं असं तिला वाटत होतं, पण शब्द आले ते तसेच आले.

"माझ्या भावानेपण आईला बसवलं होतं," ती म्हणाली. "फार प्रेमाने. नऊ वर्षं बसली. मग तिचा पाय कापला." ती वाकली आणि तिने डावा बूट काढला, मोजा काढला. दारात दोन-तीन बायका जमल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावले. परक्या घरात, परक्या पुरुषासमोर तिने पाय पुढे केला. तळव्यावर फोडाचा गुलाबी वण होता. "हा डांबरावर भाजला, मला कळलं नाही. मी चांगली शिकलेली, ऑफिसात बसणारी. तुमच्या आईने मला चालतं केलं. डॉक्टरला ते सहा वर्षांत जमलं नाही." भगवान पायाकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता. मग काशी म्हणाली, "बूट घाल आदी. उघडा पाय नको ठेवूस," आणि भगवान आत निघून गेला.

त्यावर काही ठरलं नाही. सोमवारी खांब रिकामाच होता. सरोजिनी तिथे थांबली नाही, ती पुढे गावात गेली, काशीच्या घराशी उभी राहिली आणि तिने हाक मारली, "काशीबाई, चला." आपला आवाज गल्लीत एवढा मोठा होऊन फिरेल अशी तिची कल्पना नव्हती. खिडक्या उघडल्या. कोणी बाहेर आलं नाही. घामाघूम होऊन ती तशीच परतली, आणि दिवसभर ऑफिसात तिला तो आवाज ऐकू येत राहिला. मंगळवारी तिने पुन्हा हाक मारली. बुधवारी हाक मारायच्या आधी गल्लीतली एक तरणी सून ओट्यावरून म्हणाली, "जागी हाय ती." गुरुवारी दार उघडलं आणि काशी बाहेर आली. मागे वळून कोणाला सांगितलं नाही, पदर खोचला आणि चालू लागली. आठवडाभर बसून तिच्या गुडघ्यांना आवाज येत होता.

दोघी गावाबाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागल्या तेव्हा मागून स्कूटर आली. भगवान होता. तो त्यांच्या बाजूने आला, काही बोलेल म्हणून सरोजिनी समोर बघत चालत राहिली. तो थोडं अंतर त्यांच्या चालीने स्कूटर रखडवत आला, मग मागे राहिला. इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. स्टँडवर चढवल्याचा खटका झाला. मग पावलं, जड, चामड्याच्या चपलांची, पंधरा-वीस हात मागे. सोबत आहे असं कोणी म्हणू नये आणि लक्ष ठेवून आहे असं गावाने म्हणावं, एवढं अंतर राखून. आभाळ फटफटत होतं, खाडीकडून ओलसर वारा येत होता. बांधाचा चढ लागला तशी मागची पावलं अडखळू लागली, आणि मग श्वास ऐकू येऊ लागला, तोंडाने घेतलेला, पस्तिशीच्या माणसाचा नसावा असा. सरोजिनीने काशीकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत ती कोणासाठी थांबली नव्हती. आताही थांबली नाही, मागे वळूनही तिने पाहिलं नाही. फक्त चाल जराशी कमी केली.